मुलगी सरकारला दिली होती

पेन्शनर माणसाच्या घरात दोन गोष्टी आपोआप साठतात. औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोणी वजनावर घेत नाही, म्हणून ते चहाबरोबर फुकट वाढावे लागतात. तेव्हा चहा घ्या आणि बसा.

माझ्याकडे सगळ्यांत मोठा साठा आहे तो कॅम्पातल्या ऑफिसचा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना सरकारनं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरवलं. लढाई संपल्यामुळे बराकी रिकाम्याच पडल्या होत्या. पुढे त्या छावणीचं उल्हासनगर झालं, पण तिथे राहणारे आणि आम्ही, सगळे 'कॅम्प'च म्हणत आलो. त्यांचं पुनर्वसन करायला एका बराकीत सरकारी ऑफिस होतं. तिथे मी कारकून. म्हणजे ज्यांचं होतं-नव्हतं ते सगळं गेलं, त्यांना पायावर उभं करायचं काम आम्हां खुर्चीवर बसलेल्या लोकांकडे होतं!

आम्ही मोजकेच होतो. हेडक्लार्क रावसाहेब, ही पदवी त्यांना सरकारनं नव्हे, आम्हीच दिलेली. माझ्या शेजारच्या टेबलावर दत्ता फणसे. आणि दाराशी शिपाई म्हात्रे, शहाडचा. मी स्वतः अंबरनाथला चाळीत राहायचो आणि सकाळी सायकलवरून कॅम्पात यायचो. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी अख्ख्या आळीत साखर वाटली होती. त्या साखरेची चव तोंडात असेपर्यंत मला वाटायचं, जगात प्रत्येक आईबापाचं स्वप्न हेच असतं.

*

एकदा वरून हुकूम आला की कॅम्पातल्या होतकरू माणसांना सरकारी नोकरीत घ्यायचं. रावसाहेबांना भरून आलं. म्हणाले, "लिमये, देव दार उघडून उभा राहतो म्हणतात ना, ते हे!"

पहिला माणूस आत आला. कुडता मळलेला, पण घडी मोडलेली नाही. कराचीला त्याची कापडाची पेढी होती म्हणे. रावसाहेबांनी त्याला चक्क खुर्ची दिली. हा मान आम्हांलाही कधी मिळाला नव्हता.

"तुमको सरकारी नोकरी मिलेगा," रावसाहेब म्हणाले. आणि खरी मेजवानी शेवटी वाढावी तसे थांबून म्हणाले, "पेन्शन के साथ!"

तो माणूस उठून उभा राहिला. हात जोडले.

"साईं, घर गया, दुकान गया. अब इज्जत भी जाएगी?"

रावसाहेब त्या दिवशी डबा न उघडता घरी गेले.

सगळेच सिंधी असे होते असं नाही. त्यांच्यातही पिढीजात नोकरीवाले होते. ते आमच्यासारखेच इस्त्रीचे कपडे घालून आले आणि आमच्यासारखंच पहिल्या दिवशी 'रजा किती' हे विचारून कामाला लागले. पण बाकीच्यांनी उलट्या खोक्यावर चार साबण मांडले की झालं दुकान. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आम्हांला लहानपणापासून पाठ. फरक एवढाच, की ती आम्ही सरकारी छपराखाली बसून म्हणायचो.

*

वासनमल आमच्याकडे आला तो तक्रार घेऊन. त्याच्या बराकीचं छप्पर गळत होतं. बाहेर रांग मोठी. आमच्या ऑफिसात रांग पुढे सरकायची, पण ती आपल्या इच्छेनं सरकायची, आमच्या नव्हे.

पहिल्या दिवशी तो रांगेत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी येताना स्टो घेऊन आला. रांगेतल्या लोकांना चहा मिळायला लागला. पुढच्या आठवड्यात चहाबरोबर उकडलेले चणे, मग बसायला दोन फळ्या. मागे उभा असलेला माणूस चहा पिण्यासाठी पुढे यायचा, पुढचा चणे खाण्यासाठी मागे जायचा. कोणाचा नंबर कुठे होता ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

शेवटी एके दिवशी वासनमलचं नाव पुकारलं गेलं. म्हात्रे बाहेर गेला आणि एकटाच परत आला.

"काय रे, येत नाही का तो?" रावसाहेबांनी विचारलं.

"म्हनतो, आता टायम नाय. धंदा चालू हाय."

"अरे, त्याच्या छपराचं काय? त्यासाठी तर रांगेत उभा आहे ना?"

म्हात्रे म्हणाला, "साहेब, आता यो मानूस लाइनीत उभा नाय. लाइनच त्याच्यासाठी उभी हाय!"

छपराचा अर्ज मी स्वतः लिहून मंजुरीला पाठवला. त्याबद्दल वासनमलनं मला पुढे कित्येक वर्षं चहात साखर जास्त घातली. आभार मानायची ही रीत मला पसंत होती.

*

आता तुम्ही म्हणाल, आमच्या लोकांना धंद्याचा नादच नव्हता का? छे! होता. जबरदस्त होता. दुपारच्या डब्यानंतर रोज आम्ही धंदा करत असू.

रावसाहेबांकडे केसांच्या तेलाची कृती होती. त्यांच्या आजीची. ते तेल बाजारात आणायचं, हे मी नोकरीला लागायच्या आधीपासून ठरलेलं होतं. अडचण एकच होती. नाव ठरत नव्हतं. देवाचं नाव द्यावं तर ते केसाला लावायचं, पायदळी बाटली येणार, पाप लागेल. बाईचं नाव द्यावं तर पुरुष घेणार नाहीत. आजीचं नाव द्यावं तर रावसाहेबांच्या सौभाग्यवतींना ते मान्य नव्हतं. त्यांना त्या आजेसासूनं फार छळलं होतं.

एका दुपारी चर्चा रंगात आली असताना वासनमल कप घ्यायला आत आला. दत्तानं त्याला विचारलं, "वासनमल, तुम्हारे चाय की दुकान का नाम क्या रखा?"

वासनमलला प्रश्नच कळेना. तो आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला.

"साईं, जिसको चाय चाहिए वो आता है. नाम किसको चाहिए?"

तो कप घेऊन गेला.  मग रावसाहेब घसा खाकरून म्हणाले, "हं. तर 'केशसुधा' कसं वाटतं?"

*

देवीबाई पापडाची टोपली डोक्यावर घेऊन कॅम्पातून चालत अंबरनाथला यायच्या. आमच्या चाळीत त्यांचा पहिला मुक्काम आमच्या ओट्यावर. माझ्या बायकोशी, इंदूशी, त्यांचं जमलं. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला सिंधी येत नव्हतं, आणि दोघींचं हिंदी ऐकून हिंदीनं डोळे पुसले असते. पण गप्पा तासभर चालायच्या.

एकदा देवीबाईंनी विचारलं, "अदी, तुम्हारा आदमी क्या धंदा करता है?" अदी म्हणजे बहीण.

इंदू अभिमानानं म्हणाली, "धंदा नहीं. नोकरी करते हैं. सरकारी."

देवीबाईंचा चेहरा पडला. त्यांनी टोपली बाजूला ठेवली, इंदूचा हात हातात घेतला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घबराओ मत. मेरा भाई भी पहले नौकरी करता था. अब बिलकुल ठीक है."

हे इंदूनं मला संध्याकाळी सांगितलं आणि हसत हसत जमिनीवर बसली. मी हसलो नाही. मी सरकारी नोकर होतो.

पुढे मला टायफॉइड झाला. बरेच दिवस अंथरुणावर. आधी भरपगारी रजा संपली, मग अर्धपगारी सुरू झाली. चाळीतली माणसं चांगली. रोज येऊन विचारपूस करायची, 'काही लागलं तर सांगा' म्हणायची. आपल्यात कोणी सांगत नाही, हे ऐकणाऱ्यालाही माहीत असतं आणि विचारणाऱ्यालाही.

देवीबाईंनी काही विचारलं नाही. एका सकाळी त्या पिठाचा गोळा घेऊन आल्या आणि इंदूसमोर थापकन ठेवला. "बैठो. बेलो."

इंदूनं पापड लाटले. संध्याकाळी देवीबाईंनी एकेक पापड उन्हाकडे धरून पाहिला.

"ये पापड है कि चपाती? कल पतला चाहिए!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळा, पुन्हा शिव्या. मी आत पडल्या पडल्या ऐकत होतो. एकदा इंदूला रडूही आलं. पण शनिवारी देवीबाईंनी तिच्या हातावर मजुरी ठेवली. कॅम्पातल्या बायकांना मिळते तेवढीच. ना कमी, ना जास्त. आमच्या घरात त्या दिवसांत चूल पेटली ती त्या मजुरीवर आणि माझ्या अर्ध्या पगारावर. त्या बाईनं 'मदत' हा शब्द एकदाही तोंडातून काढला नाही. उलट पापड जाड होतात म्हणून शेवटपर्यंत रागावल्या.

मी बरा होऊन कामावर गेलो त्या दिवशी त्यांना म्हटलं, "देवीबाई, आपके उपकार..."

"क्या उपकार? तुम ठीक हो गया, अब ये बेलना बंद करेगी. मेरा नुकसान!"

इंदूनं लाटणं बंद केलं नाही, ही गोष्ट वेगळी. आमच्या दोन्ही मुलांच्या फिया त्या लाटण्यावर गेल्या. सरकारनं मला पेन्शन दिलं, त्याबद्दल सरकारचे आभार आहेतच. पण ताटाला पापड लावला की मी आधी देवीबाईंचं नाव घेतो, मग चित्राहुती घालतो.

*

त्या आजारात दत्ता मला भेटायला यायचा. यायचा माझ्यासाठी, आणि बघत बसायचा इंदूकडे. गैरसमज नको. तो तिच्या पोळपाटाकडे बघायचा. आमचा पोळपाट लग्नातला, मधोमध खळगा पडलेला. पापड त्यावर धड लाटला जाईना, म्हणून देवीबाई रागवायच्या.

मी पुन्हा कामावर जायला लागलो तेव्हा एके दिवशी तो जेवणाच्या सुट्टीत कॅम्पात फिरून आला. बराकीबराकीतून बायका पापड लाटत होत्या. कोणी उलट्या थाळीवर, कोणी खोक्याच्या फळीवर, कोणी चक्क दाराच्या उंबऱ्यावर. आणि अख्ख्या कॅम्पात चांगला पोळपाट विकणारं एकही दुकान नव्हतं!

"लिमये, इकडे सगळा कॅम्प लाटतोय, आणि बदलापूरला माझ्या सासरवाडीचा सुतार कामाविना बसलाय," दत्ता म्हणाला. "मी राजीनामा देतो."

आम्हांला वाटलं, ही नेहमीची डब्यानंतरची चर्चा. रावसाहेब लगेच म्हणाले, "उत्तम! आधी नाव ठरवू." पण दत्तानं खरंच कागद पुढे केला. रावसाहेबांच्या हातातून सुपारी गळून पडली.

त्यांनी राजीनामा वाचला आणि मागे सारला. "हे कारण चालायचं नाही."

"का? धंदा करायचाय, तेच लिहिलंय."

"अहो फणसे, आजवर या कारणानं कोणी गेलेला नाही. वरचे लोक म्हणतील, ऑफिसात काहीतरी भानगड आहे. शहाणा माणूस असा कधी जातो का? 'प्रकृती अस्वास्थ्यामुळे' असं लिहा."

दत्तानं पुष्कळ वाद घातला. शेवटी लिहिलं. तेव्हा सरकारी दप्तराप्रमाणे दत्ता फणसे आजारी पडल्यामुळे नोकरीतून गेला. देवीबाईंना कळवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "चलो, एक तो ठीक हुआ!"

*

ही बातमी बदलापूरला पोचली. दत्ताचे सासरे, ज्यांना सगळे नाना म्हणत, दुसऱ्या गाडीनं हजर. पागोटं, खांद्यावर उपरणं, हातात काठी. पंचक्रोशीत मान असलेला माणूस. भाताची जमीन होती, पण सगळी हौस एकच: जावई खुर्चीवर बसणारा हवा. सुशीलेसाठी पैसेवाली स्थळं नाकारून त्यांनी दत्ताला पसंत केलं होतं, ते त्याच्या खुर्चीकडे बघून.

दत्ताच्या खोलीत मी होतो, म्हणून हे मी स्वतः ऐकलेलं आहे.

"जावईबापू, आमच्या सात पिढ्यांत कोणी तागडी धरली नाही."

"नाना, पोळपाटाला तागडी लागत नाही," दत्ता म्हणाला. ते म्हणायला नको होतं.

नाना काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. "मी मुलगी सरकारला दिली होती. पोळपाटवाल्याला नाही."

सुशीला दाराआड उभी होती.  नानांनी निकाल दिला: भाताची झोडणी होईपर्यंत वाट बघतो. तोवर दुकान चाललं तर चाललं. नाही तर मुलीला घरी नेतो, आणि जावईबापूंना पुन्हा खुर्ची मिळाली की आणून घालतो. उपाशी ठेवायला दिलेली नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा दत्ता म्हणाला, "लिमये, हे दुकान चाललं नाही तर घरात पोळपाट तेवढे राहतील. लाटणारं कोणी नाही."

*

दुकान विठ्ठलवाडीच्या बाजूला एका बराकीच्या कोपऱ्यात लागलं. माल नंबर एक. सत्यनारायण झाला, सगळं ऑफिस आलं, सगळ्यांनी प्रसाद खाल्ला, पोळपाटांवरून हात फिरवून 'वा!' म्हटलं आणि सगळे हात धुऊन घरी गेले. विकत घेतला एक मी, तोही इंदूनं बजावलं होतं म्हणून.

दत्तानं दुकानात सगळ्यांत वर, गणपतीच्याही वर, एक पाटी लावली होती. स्वतःच्या वळणदार अक्षरात: 'एकच भाव. घासाघीस करू नये.' खाली हिंदीत तेच. या पाटीचा त्याला फार अभिमान. प्रामाणिक माणसाचं दुकान कसं ओळखावं? पाटीवरून!

पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे देवीबाईंचे सासरे, होतचंद दादा. घरात चार सुना, चौघी पापड लाटणाऱ्या, आणि पोळपाट एकच, त्यामुळे रोज सकाळी रणांगण. दादा पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत आले, ऐसपैस बसले. एक पोळपाट उचलला, बोटानं वाजवला, उजेडात धरला, नाक मुरडलं. म्हणजे माल पसंत होता.

"बोलो, बेटा. क्या लगेगा?"

दत्तानं पाटीकडे बोट दाखवलं. भाव बाजूला लिहिला होता.

दादा हसले. "वो तो लिखा है. तुम बोलो."

"लिहिलंय तेच. एकच भाव."

"अरे, मैं चार लेगा! छह भी लेगा! बात तो करो!"

"दादा, चार घ्या नाही तर एक. भाव तोच."

दादांचा चेहरा उतरला. पोळपाट हलकेच खाली ठेवून ते उठले. "ये दुकान है कि टिकट की खिडकी?" म्हणाले आणि गेले.

असे बरेच गेले. मी हे वासनमलला सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि स्टो तसाच ठेवून दत्ताकडे आला.

"साईं, आदमी बात करने को आता है. चीज तो बाद में लेता है. थोडा कम करो ना!"

"योग्य भाव लावलाय. प्रामाणिक माणसानं कमी का करावा?"

"तो पहले ज्यादा बोलो, फिर कम करो!"

"ते खोटं बोलणं होईल."

वासनमलनं आधी त्या पाटीकडे पाहिलं, मग खालच्या गणपतीकडे. "अच्छा," तो म्हणाला, "तो फिर तुम दोनों बैठो."

दत्ता बसला. दिवस गेले. सुशीला दुपारी भाकरी घेऊन यायची आणि पोळपाटांवरची धूळ पुसून जायची. त्या काळात मी त्याला किती वेळा म्हटलं असेल की ती पाटी काढ. तो म्हणायचा, "लिमये, नोकरी सोडली, आता तत्त्वही सोडू?" मला राग यायचा. पण खरं सांगतो, त्या दुकानात जाऊन बसलं की बरं वाटायचं. आमच्यातला एक तरी माणूस नाव न ठरवता बाहेर पडला होता.

*

झोडणी झाली आणि नाना आले. रविवार होता. मी आणि म्हात्रे दुकानात बसलो होतो. दत्ताला एकट्याला सोडवत नव्हतं म्हणून.

नानांनी दुकानभर एक नजर फिरवली. माल तसाच्या तसा. काही विचारायची गरजच नव्हती. सुशीला भरलेली पेटी घेऊन दुकानात आली होती. ती पदरानं पुन्हा पुन्हा पेटीचं झाकण पुसत होती, जिथे धूळ नव्हती तिथेही.

"जावईबापू, स्टेशनपर्यंत टांगा बघा," नाना म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

दत्ता चप्पल घालून स्वतःच्या बायकोसाठी टांगा आणायला गेला. सुशीला पेटी घेऊन दुकानामागच्या आडोशाला जाऊन बसली. नाना एका खोक्यावर, मालाकडे पाठ करून बसले.

तेवढ्यात होतचंद दादा आले. त्यांच्या घरात त्या दिवशी सुनांनी कहर केला असावा, कारण स्वाभिमान गिळून माणूस पुन्हा त्या पाटीखाली आला होता. आत दत्ता नाही, हे पाहून दादांना जरा धीर आला. पोळपाट उचलून त्यांनी वाजवला.

"बोलो, चाचा. क्या लगेगा?"

"मी विकत नाही," नाना तोंड न वळवता म्हणाले. "मालक येईल. त्याला विचारा."

दादांना हे मराठी धड कळलं नाही. ते तिथेच उभे. पुन्हा पोळपाट वाजवला. पुन्हा म्हणाले, "बोलो!"

नाना वैतागले. ही ब्याद जावी म्हणून त्यांनी पाटीवरच्या भावाच्या दुप्पट आकडा तोंडावर फेकला. म्हात्रेनं माझ्या मांडीला चिमटा काढला.

होतचंद दादांचा चेहरा असा उजळला, की जणू परक्या मुलखात कोणीतरी त्यांना गावच्या नावानं हाक मारली. ते मटकन खाली बसले आणि त्या आकड्याचा पाव सांगितला!

नाना गर्रकन वळले. "पाव? हा काय चोरीचा माल आहे?"

"क्या बोला?" दादांनी मला विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं, पण दादांनी मला हातानंच गप्प केलं. त्यांचं लक्ष नानांच्या खांद्यावरच्या उपरण्याकडे गेलं होतं. त्यांनी आपली बाही वर सारली आणि उजवा हात नानांच्या पुढे धरला. 

मला वाटलं, हस्तांदोलन. म्हात्रेला कळलं. तो माझ्या कानात कुजबुजला, "साहेब, बैलबाजार!" मुरबाडकडच्या बाजारात बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. चार लोकांनी भाव ऐकू नये म्हणून दोघांच्या हातावर कापड टाकतात आणि आत बोटं दाबून आकडे बोलतात; सिंधमध्येही तीच रीत असावी.

नाना त्या हाताकडे बराच वेळ बघत राहिले. सिंधमधला हात, पांढऱ्या केसांचा, बोटं किंचित हलणारी. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खांद्यावरचं उपरणं ओढलं आणि दोघांच्या हातांवर टाकलं.

 दोघे म्हातारे छपराकडे बघत होते, जणू त्या हातांशी त्यांचा काही संबंध नाही. उपरणं मधेच हालायचं. दादांच्या भुवया वर गेल्या. नानांनी मान आडवी हलवली. उपरणं पुन्हा हाललं. दादांनी डाव्या हातानं आणखी दोन पोळपाट आपल्याकडे ओढले. नानांनी डाव्याच हातानं त्यातला एक परत मागे सरकवला. दादा खुदकन हसले. नानांच्या मिशीखालीही काहीतरी झालं, पण ते त्यांनी गिळलं.

बाहेर टांगा येऊन थांबला. सुशीला पेटी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. "नाना," ती म्हणाली, "टांगा आला."

नाना छपराकडेच बघत होते.

दत्ता आत आला. त्यानं दादांना पाहिलं, उपरणं पाहिलं, आणि त्याचा हात सवयीनं पाटीच्या दिशेनं वर गेला. "दादा, इथे एकच भा..."

"जावईबापू, तोंड मिटा!" नाना खेकसले. "आणि तो टांगा आधी हाकला तिथून. गिऱ्हाइकाच्या वाटेत उभा केलाय!"